कुशाबांना विचारलेले नऊ प्रश्न

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही कागदाखाली जो पॅड धरता, तसाच मी एक आहे, पण आता म्हातारा. माझ्या कडा पावसापाण्याने फुगल्या आहेत आणि चिमटा गंजला आहे. कागद घट्ट धरायचा तर मला वरून रबर लावावे लागते.

लाकडाचा भुसा दाबून मला कारखान्यात तयार केले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून साधनाताईंनी मला त्यांच्या मुलीसाठी, धम्मदीपासाठी, घेतले. दहावीचे सगळे पेपर तिने माझ्यावर लिहिले. निकाल लागला तेव्हा पेढ्यांचा पुडा माझ्यावरच ठेवून ती घरोघर फिरली. ते माझे कौतुकाचे दिवस. पुढे ती कॉलेजात गेली आणि मी माळ्यावर गेलो.

साधनाताई मुळशीतल्या चांदे गावच्या आशा सेविका. कोणाला गोळ्या, कोणाच्या बाळाला डोस, कोणाचे बाळंतपण, सगळे त्या पाहतात. एका संस्थेने त्यांना नवे काम दिले, तेव्हा त्यांनी मला माळ्यावरून काढले, फडक्याने पुसले आणि पिशवीत घातले.

काम असे होते. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, तिथे जायचे. पण चौकशी आजाऱ्याची करायची नाही. त्याची सेवा करणाऱ्या माणसाच्या मनाची तब्येत पाहायची. त्यासाठी एका पानावर नऊ प्रश्न होते. झोप उडते का, जेवण नकोसे होते का, कशातच मन लागेनासे होते का, उदास वाटते का, असे. अजिबात नाही, कधीमधी, बऱ्याचदा की जवळजवळ रोज, एवढेच सांगायचे. प्रत्येक उत्तराला गुण. धम्मदीपाच्या परीक्षेत जास्त गुण म्हणजे पेढे होते. इथे जास्त गुण म्हणजे माणूस आतून खचलेला. बेरीज मोठी आली, तर त्या माणसाला पौडच्या दवाखान्यात मनाचे ऐकून घेणाऱ्या बाईंकडे पाठवायचे.

कुशाबांच्या घरी आम्ही रविवारी गेलो. त्यांची पत्नी रत्नाबाई यांच्या अंगावरून वारे गेले होते. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, पण ऐकू सगळे यायचे. मुलगा सुधीर आणि सून पल्लवी दोघेही हिंजवडीत नोकरीला.

"यांचं सगळं कोण करतं?" साधनाताईंनी विचारले.

"सूनबाई," कुशाबा लगेच म्हणाले. "लई करती. पोटच्या पोरीनं केलं नसतं."

परक्या माणसासमोर सासऱ्यांचा शब्द खाली कसा पाडायचा? पल्लवी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. साधनाताईंनी नऊ प्रश्न तिलाच विचारले. बेरीज लहान आली. पानावर 'ठीक' असे लिहून आम्ही निघालो.

त्याच आठवड्यात साधनाताई मला घेऊन रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला पुन्हा गेल्या. घरात रत्नाबाई एकट्याच होत्या. मागच्या बाजूने कपडे आपटल्याचा आवाज येत होता. तिथे धोतर वर खोचून कुशाबा बायकोची भरलेली दुपटी दगडावर धूत होते. आम्हाला बघताच त्यांनी ओला बोळा पाटीखाली सारला.

"कुशाबा, हे तुम्ही करता?"

"न्हाई गं. आज आपलं सूनबाईला घाई हुती."

"आणि आंघोळ? भरवणं?"

कुशाबांनी हात धोतराला पुसले. "कुणापाशी बोलू नगंस, ताई. गडी माणूस बायकोचं धुतोय म्हणून गाव हसंल. आन् सूनबाईला नावं ठेवतील ती येगळीच. ती बिचारी सकाळी जाती ती दिवं लागल्यावर येती. म्हणून मी हे घरातच वाळत घालतो. दोरीवर टाकलं की चार डोळं बघत्यात."

रविवारचे पान भलत्याच माणसाचे होते. साधनाताईंनी कोरे पान माझ्या चिमट्यात लावले, कुशाबांना रत्नाबाईंच्या खाटेपाशी बसवले आणि विचारायला सुरुवात केली.

"झोप उडते का?"

"झ्याक लागती."

"जेवण नकोसं होतं?"

"भाकरी कमी पडती. मीच थापतो. येकेक भाकरी म्हंजी तालुक्याचा नकाशा."

"उदास वाटतं का?"

"उदास व्हाया सवड कुणाला हाय हितं?"

सगळी उत्तरे 'अजिबात नाही'. साधनाताई बेरीज करू लागल्या, तेवढ्यात रत्नाबाईंनी चांगला हात उचलला आणि मला ढकलले. मी जमिनीवर पडलो. त्यांनी नवऱ्याकडे बोट केले, मग दाराकडे. त्यांचे डोळे वाहत होते.

आजाऱ्याच्या उशाशी वंगाळ बोलू नये, ही आपल्याकडची रीत. ती कुशाबा पाळत होते, आणि ते पाळत आहेत हे रत्नाबाईंना कळत होते. बोलता येत नव्हते, म्हणून त्या नवऱ्याला खुणेने बाहेर पाठवत होत्या.

अंगणाच्या कडेला उंबराखाली साधनाताईंनी पुन्हा पहिल्यापासून विचारले. समोर नव्या इमारतींवर क्रेन फिरत होती. कुशाबा तिच्याकडे बघत बोलत राहिले.

"डोळा लागतो आन् लगीच उघडतो. हिचा श्वास चालतोय का बघाया." मग म्हणाले, "घास तोंडात नुसता फिरतो." आणि मग, कोणी विचारले नसताना, "जन्मभर चहात साखर जास्त पडली म्हणून हिच्यावर वरडलो. आता मी चहा करतोय. कसाबी हुतोय. तिनं येकदा तरी नावं ठेवावी, ताई."

साधनाताईंचे पेन 'जवळजवळ रोज'च्या रकान्यातून हलेना. शेवटचा प्रश्न होता, मरून गेलेले बरे असे मनात येते का.

कुशाबांनी घराच्या दाराकडे पाहिले. मग म्हणाले, "मी मेलो तर हिचं कोण करंल? तेवढ्यासाठी न्हाई."

साधनाताईंनी 'अजिबात नाही'वर खूण केली. तरी बेरीज मोठीच आली.

"पुढच्या गुरुवारी पौडला जायचं," त्या म्हणाल्या.

"आन् हिच्यापाशी कोण बसंल?"

साधनाताईंनी तिथूनच पल्लवीला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, मामंजी मला हातच लावू देत नाहीत. म्हणतात, तू दमून आलीस, बस. मी गुरुवारी रजा टाकते."

पण गुरुवार उजाडायच्या आधीच रत्नाबाई गेल्या.

दहाव्याला आलेला प्रत्येक जण एकच बोलत होता. "सुटली बिचारी. तुमीबी सुटला, कुशाबा." संस्थेचा नियमही तसाच होता. आजारी माणूस गेला, की सेवा करणाऱ्याचे नाव कमी करायचे. सेवाच उरली नाही, मग सेवा करणारा कसला? साधनाताईंनाही वाटले, ओझे उतरले, आता म्हातारा सावरेल. त्यांनी कुशाबांचे पान माझ्या चिमट्यातून काढले आणि आम्ही दुसऱ्या घरांना लागलो.

पाऊस सरला, भात कापणीला आले, तेव्हा पल्लवी स्वतः साधनाताईंच्या दारात आली. "मामंजी उठत नाहीत. आईंच्या खाटेवर पडून असतात. ताट तसंच राहतं. मी रागावले, रडले, काही बोलतच नाहीत."

साधनाताईंनी सवयीने मला उचलले. चिमट्यात कागद नव्हता. कुशाबांसाठी आता कागद मिळणारही नव्हता. पण प्रश्न त्यांना पाठ होते. खाटेवर टेकून त्यांनी एकेक विचारला. आता उशाशी कोणी ऐकणारे नव्हते, कोणापासून काही लपवायचे नव्हते. तरी कुशाबा प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत राहिले. होय. होय. होय.

शेवटच्या प्रश्नाशी साधनाताई अडखळल्या. उंबराखाली त्यांनी 'अजिबात नाही' अशी खूण केली होती, ती रत्नाबाईंच्या जिवावर. या माणसाला धरून ठेवणारी ती एकच गाठ होती, आणि सगळे गाव तिला ओझे म्हणत होते.

"कुशाबा, मरून जावं असं वाटतं?"

"आता कुणाचं आडतंय," ते म्हणाले.

पल्लवी दारात उभी होती. ती आत आली, खाली बसली आणि लहान मुलाच्या घालतात तशा तिने त्यांच्या पायांत चपला घातल्या. दोघींनी त्यांना दोन्हीकडून धरून रिक्षात बसवले आणि त्याच दिवशी पौडला नेले. मी खाटेवरच राहिलो.

कुशाबा आज आहेत. पल्लवी त्यांना ठरलेल्या दिवशी दवाखान्यात नेते. गोळ्या दिल्या की घेतात, वाढले की जेवतात. पण त्यांच्या तोंडची थट्टा मी पुन्हा ऐकली नाही. साधनाताई आता मोबाईलवर प्रश्न भरतात आणि मी इथेच, कुशाबांच्या कपाटामागे उभा असतो.

मित्रांनो, मी पॅड आहे, मला प्रश्न विचारता येत नाहीत. तुम्हाला येतात. शेजारी कोणी अंथरुणावर असेल, तर त्याला भेटून झाल्यावर त्याचे करणाऱ्यालाही विचारा. खाटेपासून लांब नेऊन विचारा. आधी 'बरं हाय' असेच उत्तर येईल, तेव्हा उठू नका, थोडे थांबा. आणि आजारी माणूस गेल्यावर, पाहुणे आपापल्या घरी परतल्यावर, दारातल्या चपला कमी झाल्यावर, मोठ्यांचे बोट धरून त्या घरी पुन्हा एकदा जा. कुशाबांकडे तेव्हा कोणीच गेले नव्हते.