विजेच्या शेगडीचा विस्तव

पोशेऱ्याच्या वरल्या पाड्यावर एक घर होतं आणि त्या घरात चौघं राहत होती: पोशी नावाची म्हातारी, तिचा नातू हरेश, नातसून योगिता, आणि दीड किलोची एक मुलगी, जिचं अजून बारसंही झालेलं नव्हतं. त्यातली म्हातारी मी. हरेशचे आईबाप भात झोडून झालं की ठाण्याकडे बांधकामावर जातात आणि होळीला परत येतात, म्हणून त्या थंडीत घरात आम्ही एवढीच माणसं होतो.

मुलगी सातव्या महिन्यातच आली. दवाखान्यात तिला अठरा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं, आणि घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी हरेशला समोर उभं करून सांगितलं की हिला दुसरं औषध नाही, दूध आणि ऊब हेच औषध, दिवसभर आईच्या छातीशी धरायची आणि खोलीत धूर एवढासाही होऊ द्यायचा नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, खाटेखाली शेगडी ठेवायची नाही हं." मी मान डोलावली, पण आत कुठेतरी लागलं. या पाड्यावरच्या किती बाळंतिणी मी निखाऱ्यावर शेकल्या असतील, आणि आता माझ्याच घरात निखारा नको होता.

दुसऱ्या दिवशी हरेश आणि मी जीपने जव्हारला गेलो. तिथे मुनाफचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. त्याचा बाप कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करायचा, तेव्हापासूनची ओळख. त्याने फळकुटावरून तीन हीटर काढून आमच्यापुढे मांडले. पहिल्याला नुसत्या लाल होणाऱ्या कांड्या होत्या आणि तो जमिनीवर ठेवायचा होता. मी म्हटलं, हा लवंडला तर गोधडी पेटेल. दुसरा गरम वारा फेकायचा. मी म्हटलं, एवढ्याशा नाकात एवढा वारा कशाला. मग मुनाफने तिसरा खोका उघडला. त्यात काचेची एक लांबट काळी पेटी होती, कुणा बंगलेवाल्याने मागवलेली आणि मग न्यायलाच न आलेली.

"ही भिंतीवर लावायची, आजी. काचेमागे जाळ दिसतो तो खोटा. ऊब मात्र खरी, ती या खालच्या फटीतून येते."

"खोटा जाळ कशाला रे ठेवलाय?"

"लोकांना बघायला लागतो ना. नुसत्या उबेवर भरोसा नाय बसत कुणाचा."

"आणि हे काय?"

"रिमोट."

"चुलीला रिमोट! हरेश, उद्या सासूला पण रिमोट निघेल बघ."

"निघाला तर पहिला मी घेणार," मुनाफ म्हणाला, "आमच्या जहिदाच्या आईसाठी." आतल्या खोलीतून त्याच्या बायकोने, जहिदाने, भांडं आपटलं आणि आम्ही तिघंही हसलो. तेवढ्या दिवसांत हरेशला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

बसवायला मुनाफ स्वतः आला. आमची आतली भिंत कुडाची, कारवीच्या काठ्या आणि वर शेणमाती. त्याने ड्रिल लावलं ते थेट पलीकडे निघालं आणि अंगणातली कोंबडी ओरडत पळाली. "आजी, तुझी भिंत म्हणजे पापड," असं म्हणून तो खाली बसला, चहा प्यायला, आणि मग दोन खांबांच्या मधे सागाची फळी बोल्टांनी आवळून, तिच्यावर पत्रा ठोकून, त्या पत्र्यावर पेटी टांगली. खाटेपासून किती लांब, जमिनीपासून किती उंच, ते त्याने तीनदा मोजलं. शेवटी घरामागे खड्डा खणला आणि त्यात तांब्याची पट्टी पुरून वरून मीठ आणि कोळसा घालायला लागला.

"कोळसा कशाला?" मी विचारलं.

"अर्थिंगला. झटका बसू नये म्हणून."

"म्हणजे कोळशाशिवाय तुझी पण शेगडी पेटत नाय तर!"

दुपारी बटण दाबलं. काचेमागे जाळ नाचू लागला, आणि थोड्या वेळाने खालून अशी मऊ, कोरडी ऊब आली की मी नकळत हात जोडले. योगिताने मुलीचे पाय उघडे करून मला दाखवले. सकाळी जांभळट होते, ते आता पिकल्या करवंदाच्या आतल्या गरासारखे गुलाबी झाले होते. पाच दिवस असे सुखाचे गेले. मुलगी दूध ओढू लागली. पडवीतल्या चुलीवर भाकरी भाजायची, ती विझवायची, आणि आत येऊन त्या खोट्या जाळापुढे बसायचं, अशी मला सवयच लागली.

सहाव्या दिवशी दिवेलागणीला मी ओट्यावर नागली पाखडत होते. हरेश पाण्याला गेला होता. अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. तिच्या पाठीमागे उजेड होता, त्यामुळे तोंड दिसेना, पण हातात खापर दिसलं, आणि खापरात राख पसरलेली, पूर्वी निखारा नेताना हात भाजू नये म्हणून पसरायचे तशी.

"बाय, विस्तव हाय का गं?"

विस्तव मागायला आता कोण येतं? घरोघर लायटर आहेत. आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते काही केल्या आठवेना, आणि मला न आठवणं म्हणजे नवलच, कारण कोणाच्या लग्नात कोण रुसलं तेसुद्धा पाड्यावरचे लोक मला विचारायला येतात. पण मी खुशीत होते. म्हटलं, "चूल विझली गं. आत जळते ती विजेची. तिच्यातला नेता येत असेल तर ने."

"नेते," ती म्हणाली.

ती घरात आली नाही. उंबऱ्याशी वाकली, दाराकडे खापर धरलं, आतून कुणी काही वाढत असावं तसं क्षणभर थांबली, आणि मग वाऱ्यापासून निखारा जपतात तसा खापरावर दुसरा हात झाकून उताराने खाली गेली. तिच्या बोटांच्या फटींतून लाल दिसत होतं.

"आजी, दार लावा ना," आतून योगिता म्हणाली. "एकदम गार यायला लागलंय."

दार लावलं. काचेमागे जाळ नाचत होता तसाच नाचत होता. मी खालच्या फटीशी तळहात धरला. माठाच्या तळाला लावावा तसा तो गार पडला.

हरेशने फोन केला तसा सकाळी मुनाफ धावत आला. पेटी उतरवली, उघडली, टेस्टर लावला, पुन्हा टांगली. आतली तार लाल होत होती. मीटर पळत होतं. तरी त्याने फटीशी हात धरला आणि पटकन मागे घेतला. तीस वर्षं हेच काम करणारा माणूस, पण आपली हत्यारं त्याने एक एक करून अगदी सावकाश पिशवीत भरली.

"आजी, करंट पुरा घेतेय ही. ऊब तयार होतेय. इथे राहत नाय, एवढंच."

"मग जाते कुठे?"

"ते मीटर सांगत नाय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता त्याने बूट घातले.

मुलगी रात्रभर योगिताच्या पदराखाली होती, तरी तिचे पाय पुन्हा जांभळे पडले होते आणि तिने दूध सोडलं होतं. हरेश मुनाफच्याच मोटरसायकलवर बसून मोखाड्याला जीप आणायला गेला. योगिता रडली नाही. नुसती म्हणाली, "आजी, हिला परत दवाखान्यातल्या त्या पेटीत घेतील ना? जागा असेल ना?" आणि ते ऐकताना मला तो कालचा आवाज कुणाचा ते आठवलं.

हरेश जन्मला त्या सालची गोष्ट. झड लागली होती, आठ दिवस ऊन नाही, काड्यापेट्या सादळलेल्या, खालच्या पाड्यावर एकही चूल पेटत नव्हती. तिथे धाकली नावाची एक बाई होती, ती खापर घेऊन माझ्या ओट्यावर आली. तिचं बाळ महिन्याचं, माझ्या घरात हरेश पाच दिवसांचा. बाळंतिणीच्या घरातला विस्तव उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, गेला तर बाळाची ऊब त्याच्यासोबत जाते, असं माझ्या सासूने मला शिकवलेलं आणि तिला तिच्या सासूने. धाकलीलाही ते ठाऊक होतं. ती भांडली नाही. "बाय, विस्तव हाय का गं?" एवढं एकदाच विचारलं, मी मान हलवली, आणि ती रिकामं खापर पदराखाली घेऊन पावसात गेली. तिचं बाळ त्या झडीत गेलं. ती पुढच्या उन्हाळ्यात गेली. मग खालचा पाडाच उठला, कोणी इकडे गेलं, कोणी भिवंडीला. मी नियम पाळला होता, मला कोणीही दोष दिला नाही, आणि इतकी वर्षं मीही ती गोष्ट कोणाला सांगितली नाही.

भर दुपारी मी काठी घेऊन खाली उतरले. तिथे आता घरं नाहीत, नुसते ओटे राहिलेत आणि त्यांवर साग वाढलाय. धाकलीचं घर मला डोळे मिटूनही सापडलं असतं. सागाच्या सावलीत सगळीकडे गवत गार आणि ओलसर होतं, फक्त तीन दगडांच्या भोवती हातभर जागा कोरडी होती. राख नव्हती, धूर नव्हता. मी वाकून दगडाला हात लावला. दगड ऊन होता. आणि त्या दगडांच्या मधून जी ऊब येत होती ती लाकडाची नव्हती. मऊ होती, कोरडी होती, तिला कसलाच वास नव्हता.

माझ्या मनात आलं, पदर पसरावा आणि मागून घ्यावी. आमची आहे, आम्ही मुद्दाम आणली, घरी लेकरू गार पडलंय. पण दगडांजवळची माती कोणीतरी नुकतीच शेणाने सारवलेली होती, आणि त्या सारवणावर, अगदी उबेला लागून, लहानसं काही निजवल्याची खोलगट खूण होती.

मी खाली बसले. "धाकले," मी म्हटलं, "तेव्हा मी तुला मोकळ्या हातांनी पाठवलं. आता तू मागितलंस, म्हणून मला देता आलं. तुझे उपकार झाले गं. पण इथे उघड्यावर त्याला का ठेवतेस? वर घेऊन ये. एवढीशी तर दोन लेकरं. एकाच शेगडीपुढे दोघंही मावतील."

उठताना मी पुन्हा दगडाला हात लावला. तो गार होता.

चढ चढून घरी पोचले तेव्हा अंगणात जीप उभी होती, तिचं इंजिन चालू होतं, आणि हरेश दारात उभा राहून मला हात हलवून बोलवत होता. "आजी, सुरू झाली! आपली आपणच! जाळ होताच, आता ऊब आलीय!" आत योगिता भिंतीला टेकून बसली होती आणि मुलगी चुटूचुटू दूध पीत होती. आम्ही तरी तिला दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान आहे, घरी न्या, जे करताय तेच करत राहा.

तेच करत राहिलो. मी खाटेवर दुसरी गोधडी अंथरली. योगिताने का म्हणून विचारलं नाही. मुलीला ती मधोमध निजवायची, ती आता आपणहून एका कडेला निजवू लागली, आणि पांघरूण मात्र पूर्ण खाटेवर घालू लागली. वीज गेली तरी कधीकधी खोली ऊन राहायची. मुलीचं बारसं झालं, नाव सानिका ठेवलं, मुनाफ आणि जहिदा पेढे घेऊन आले. मुनाफने पेटीपुढे हात धरला, मान हलवली आणि चहा मागितला.

होळी झाली. हरेशचे आईबाप परत आले आणि नातीला बघून माझ्या पाया पडले. त्याच आठवड्यात दवाखान्याकडून आशाताई हर्षदा बाळाचं वजन करायला आली. तिने तुळईला काटा अडकवला, खाली कापडाची झोळी लावली, आणि सानिकाला तिच्यात ठेवलं. हर्षदाने काट्याकडे बघितलं, मग पोरीकडे, मग पुन्हा काट्याकडे.

"आजी, साडेसात? काय खाऊ घालता हिला?" ती हसत म्हणाली. "एवढी कशी भरेल? थांबा, काटा बिघडलाय."

तिने सानिकाला उचलून योगिताच्या हातात दिलं. झोळी हलकेच झुलत राहिली. काटा खाली आला आणि साडेतीनवर थांबला.

"म्हणजे पोरगी चार भरली. सातव्या महिन्याच्या मानाने सोनं आहे हो," हर्षदा म्हणाली. "पण हा शून्यावर का येत नाही?" तिने काट्यावर टिचकी मारली, मग वरचा स्क्रू फिरवायला हात नेला.

"थांब," मी म्हटलं. "त्याला आधी उतरवून घेऊ दे."

मी पुढे झाले, रिकाम्या झोळीत दोन्ही हात घातले, मानेखाली तळवा दिला, आणि हळूच उचललं. काटा शून्यावर गेला.