एकाच तुळईचा गोठा

थोरल्या जावेच्या मुलाने गोठा पाडायचं ठरवलं, तेव्हा त्याने सगळा विचार केला होता. गोठा अर्धाच आपला आहे, एवढं सोडून.

मागची दगडी भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. त्या जागी पत्र्याची शेड घालू, ट्रॅक्टरही आत राहील, असं त्याचं म्हणणं. आईला ते पटत नव्हतं आणि नाही म्हणायला कारणही सापडत नव्हतं. त्याच सुमारास जुन्या शेतघरांची पाहणी करणाऱ्या एक वास्तुतज्ज्ञ बाई गावात आल्या होत्या. थोरलीने त्यांना चहाला बोलावलं आणि चहा उकळायच्या आतच गोठ्यात नेऊन उभं केलं.

बाई भिंती निरखू लागल्या. भिंतीतले झरोके बाहेरून चार बोटं रुंद, आतून हातभर. वारा आत यावा, पाऊस येऊ नये असे. दाराच्या दोन्ही अंगांचे दगड कमरेपर्यंत गोल होते. बाईंनी त्यांवरून तळहात फिरवला.

"हे झिजून झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मुद्दाम घडवलंय. गुरं एकदम आत घुसतात ना, त्यांच्या बरगड्यांना कोपरा लागू नये म्हणून. बांधणाऱ्याला जनावरांची माया होती."

लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून ये-जा करणारी थोरली त्या दगडाकडे बघतच राहिली.

"ते ठीक आहे, पण भिंत फुगलीय त्याचं काय?" मुलाने विचारलं.

"बाहेरून सिमेंट कोणी फासलं?"

"बाबांनी. चांगलं दिसावं म्हणून."

"तिथेच घोडं अडलंय. चुन्याच्या भिंतीत मुरलेलं पाणी चुन्यातूनच बाहेर पडतं. सिमेंटने ती वाट बंद झाली. ते खरवडून तेवढा भाग उतरवला आणि त्याच दगडांनी पुन्हा रचला, तर तुमच्या नातवंडांनाही गोठा पुरेल. असे गोठे आता फार उरले नाहीत हो." मग त्यांनी वर बोट दाखवलं. "आणि अर्धा पाडता यायचाच नाही. तुळई एकच आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इकडचं काढलं की तिकडचंही खाली येणार. दुरुस्तीलासुद्धा सलग टेकू द्यावे लागतील. मधली विटांची भिंत आधी काढावी लागेल."

ती भिंत दोघा भावांच्या भांडणातली. थोरल्याने न विचारता बैलजोडी विकली. धाकटा परगावाहून आला तर दावणीला नुसती दावी. त्याच आठवड्यात विटा आल्या. पुढे दोघेही भाऊ गेले. जावा तर कधी भांडल्याच नव्हत्या. नवऱ्यांपायी अबोला धरला, आणि नंतर तो सोडायचा कसा हे दोघींनाही सुचलं नाही.

"मी बोलतो काकूशी," मुलगा म्हणाला.

"तू नको. मी जाते."

धाकटी शेळ्यांना पाला घालत होती. थोरलीला दारात पाहून तिने पदराला हात पुसले.

"जाऊबाई, तुम्ही?"

"अगं, गोठ्याचं काम काढलंय. मधली भिंत काढावी लागेल म्हणतात. तुझी काही हरकत..."

"काढा की."

"जरा विचार तरी कर."

"अजून किती करू?" धाकटी हसली, पण आवाज ओला झाला. "दगडातून हाक जात नाही, जाऊबाई, पण ही विटांची भिंत मोठी चुगलखोर. तुमची तांबडी अडली होती ना, तेव्हा दिवसभर मी इकडे बसून होते. वासरू हंबरल्यावर उठले."

"ठाऊक आहे मला."

"ते कसं?"

"तू खोकत होतीस. म्हटलं, चला, आहे कोणीतरी सोबतीला."

शेळीने थोरलीच्या पदराचं टोक चघळायला घेतलं, तेव्हा कुठे दोघी हलल्या.

काम सुरू झालं. मधली भिंत पडताच शेळ्या आमंत्रणाची वाट न बघता पलीकडे गेल्या. गवंड्याने उतरवलेल्या प्रत्येक दगडावर खडूने आकडा घातला. मुलगा आधी कपाळाला आठ्या घालून लांबून बघायचा, मग चुना कालवू लागला, आणि एका दुपारी त्यानेच गवंड्याला टोकलं, "हा लांब दगड आडवा घाला, आतबाहेर दोन्हीकडे पकड बसेल." आईने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी गवंड्याने विचारलं, "मधली भिंत परत घालायची ना?"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

"विटा फार जुन्या झाल्या," धाकटी म्हणाली.

"आणि नव्या काही मिळत नाहीत," थोरली म्हणाली.

"मिळतात की! मी उद्याच..." मुलगा म्हणाला, आणि आईची नजर बघून बाकीचं वाक्य त्याने गिळलं. गवंडी शहाणा माणूस. त्याने थापी धुऊन पिशवीत टाकली.

आता धारा काढायला दोघी एकत्रच बसतात. धाकटी इतकी बडबडते की गाय पान्हा चोरते, अशी थोरलीची तक्रार असते. पण धाकटीला यायला जरा उशीर झाला, तर बादली तशीच ठेवून ती अंगणात जाते आणि तिच्या वाटेकडे बघत उभी राहते.