रोजची एक पोळी

सुनेचं बाकी काहीही आनंदाबाईंनी चालवून घेतलं असतं, पण ती रोज एक पोळी नासवायची, हे काही त्यांना बघवत नव्हतं.

"शिकाचं तं बसून शीक ना व! रोज एक पोळी फाडून कोन शिकते? पोळी हाये थे, औषधाची गोळी नाई."

पोळी म्हणजे लांबपोळी. चुलीवर मडकं पालथं घालायचं, आपटून आपटून सैल केलेली कणीक हातावर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची, आणि फाटायच्या आत तापल्या मडक्यावर टाकायची. आंजीपासून वर्ध्यापर्यंत कोणाच्याही घरचं कार्य असो, पोळ्या आनंदाबाईंच्याच लागत. शाळेत त्या दुसरीपर्यंतच गेल्या होत्या. पण पस्तीस वर्षांत त्यांच्या चुलीवरून एक ऑर्डर परत गेली नव्हती, आणि हे त्या कोणालाही ओळख झाल्याबरोबर सांगत.

सून मोनाली वर्ध्याला एका दवाखान्यात नावं लिहायच्या टेबलावर होती. साडेपाचच्या एसटीने यायची, हातपाय धुवायची आणि मूठभर कणीक घेऊन परातीत आपटत बसायची. पट, पट, पट. चांगली पाऊण तास. मग एकच पोळी टाकायची. ती कधी मधोमध फाटायची, कधी एका अंगाला जाड राहायची. तिचा नवरा विवेक ती चहात बुडवून निमूट खायचा.

"तुहा नवरा बकरी हाये काय व, काहीबी चारतं त्याले?"

"आई, मले एकच जमते. जास्त टाकल्या तं मंग सैपाक पडून राह्यते."

"आमच्या कोकिळेले पाय. चार दिवसांत शिकली."

कोकिळा म्हणजे आनंदाबाईंच्या भावाची मुलगी, गावातच दिलेली. तिची पोळी उजेडात धरली की पलीकडचा माणूस दिसायचा. आपल्यामागे चूल तिलाच द्यायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दोन वर्षांत कोकिळेने परातीला हात लावला नव्हता, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मार्चमध्ये आनंदाबाईंचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. आणि नेमकी त्याच आठवड्यात सिंदी मेघेहून साक्षगंधाची ऑर्डर होती. साठ पोळ्या, साडेआठला हॉलवर. त्यांनी कोकिळेला बोलावणं धाडलं.

कोकिळा चार वाजता हसत आली. दहा मिनिटं कणीक आपटली न आपटली तोच म्हणाली, "झालं, आत्या."

"अजून आपट."

"अवो, मले काय नवीन हाये काय हे?"

पहिली पोळी हातावरच तुटली. दुसरीचा मडक्यावर गोळा झाला. तिसरीच्या वेळी धग लागली आणि कोकिळेने चटकन हात मागे घेतला. पोळी गेली चुलीत. नऊ पोळ्या अशा गेल्यावर ती कपाळ पुसत म्हणाली, "आत्या, कणीकच बरोबर नाई. फोन करून नाई म्हना त्याईले."

आनंदाबाईंनी मोबाइल उचलला आणि तसाच हातात धरून बसल्या. 'नाही' कसं म्हणायचं, ते त्यांच्या तोंडाला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात मोनाली आली. पाय धुतले, परातीत पाहिलं. "आई, मी आपटू काय?"

"आपट. नाई तरी फेकाचीच हाये."

पट, पट, पट. वर्षभर ज्या आवाजाने डोकं उठायचं, तो आज त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. आधी ओला, थबथबीत. मग घट्ट. मग ताणलेला, लांब ओढल्यासारखा. "बस" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर मोनाली आपसूकच थांबली होती.

पहिली पोळी आखूड पडली, पण अख्खी. दुसरीही अख्खी. कोकिळा चुलीत लाकडं सारू लागली, उतरलेल्या पोळ्यांच्या घड्या घालू लागली. सातवी फाटली. मोनालीने सासूकडे वळूनही पाहिलं नाही, पुढची कणीक हातावर घेतली.

आनंदाबाईंना आपलं पहिलं वर्ष आठवलं. त्यांच्या पोळ्या तेव्हा सासऱ्यांचे बैल खायचे. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आजही सांगणार नव्हत्या.

पावणेआठला विवेकने साठ पोळ्यांचे डबे ऑटोत ठेवले आणि ऑटो सिंदी मेघेच्या रस्त्याला लागला. मोनाली कोपरापर्यंत लाल झालेले हात बादलीत बुडवून बसली होती. एक पोळी उरली होती. आनंदाबाईंनी ती डाव्या हाताने बल्बसमोर धरली. बराच वेळ धरली.

"एका अंगाले जाड हाये," त्या म्हणाल्या. "कोकिळेचा हात तुह्यापेक्षा चांगला होता. होता! तुहा काई चांगला नाई, पन तो रोज साडेपाचले येते. चूल आजपासून तुही. उद्यापासून दोन टाकत जाजो. अन् दुसरी मले देजो, त्या बकरीले नोको."