अंबाडीची चुंबळ

कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसच्या अंगणात नवा बॉयलर पडला होता, डोहात बसलेल्या म्हशीसारखा निवांत. कुलसुमला वाटायचं, कान लावला तर त्याचा श्वास ऐकू येईल.

अकोल्यात आगगाडी नवी होती, कापूस डोंगराएवढा. पण आग पेटवण्याआधी बॉयलरमध्ये पाणी कोंबून दाब तपासायचा होता. वाफेच्या तोंडावर झाकण बसवायचं, झाकणाखाली कडं, आणि वरून बोल्ट आवळायचे. विलायतेहून कडं आणि बोल्टांचा एकच संच आला होता, आणि कडं एकदा चेपलं की गेलं.

"चाचणीपुरतं इथलंच बनवा, बद्रुद्दीन," केशवराव मुकादम म्हणाले. "नाही जमलं तं मी मुंबईचा मिस्त्री बोलावतो. मंग तुमी आपल्या भट्टीवर."

बद्रुद्दीन लोहार, कुलसुमचे अब्बा, मोडीच्या ढिगातून बोल्ट उचलून हातोडीनं वाजवत होते. घंटेसारखा वाजला तो ठेवायचा, बद्द वाजला तो फेकायचा.

"घडीभराचेच तं हायेत, अब्बा. काहून एवढे निवडता?"

"दाबाले कुठं माहीत हाये, बेटी, ते घडीभराचे हायेत म्हणून?"

कडं कुलसुमनं वळलं. अंबाडीचा दोर, वर जवसाचं तेल आणि शेंदूर. रोज पाण्याला जाताना चुंबळ वळते तसंच तिनं ते वळलं आणि टोक आत खोचलं. पंप चालू लागला, दाबाचा काटा चढू लागला आणि झाकणाखालून पाण्याचा बारीक धागा लोंबला. बरोबर खोचल्या टोकाशी.

"ही काय चुंबळ हाये, पोरी? घागर ठेवू का वर?" केशवराव म्हणाले.

अब्बांनी बोल्ट सोडून झाकण उचललं.

कुलसुमनं दोर उकलला. एकच लांब पदर घेतला आणि तो स्वतःभोवतीच गुंडाळत, फिरवत नेला, टोकं पिळात विरघळेपर्यंत. डोळे अर्धे मिटले होते. बोटांखालून मोर्णा नदीचं पाणी वाहत होतं, बायकांची रांग चालत होती, आणि त्या रांगेला ना सुरुवात होती ना शेवट.

पुन्हा पंप. काटा चढला, थांबला, तिथंच राहिला. झाकणाभोवती बोट फिरवून केशवरावांनी ते कुलसुमला दाखवलं. कोरडं होतं.

"उद्यापासून भट्टी इथंच लावा, बद्रुद्दीन."

मग बोल्ट सुटले, विलायती कडं बसलं आणि अंबाडीचं चपटं होऊन मातीत पडलं. कुलसुमला जरा वाईट वाटलं. तिनं ते उचललं.

सकाळी ते फडक्यात गुंडाळून डोक्यावर ठेवलं, वर भरली घागर. मागे धुराड्यातून पहिला धूर निघत होता. घागर घरापर्यंत हिंदकळली नाही.