सीपीएमवर चालेल असं भुयार

मालन काय करते?

खेळात हा प्रश्न तिचा नवरा हरिश्चंद्र विचारायचा. पण तो पहाटेच्या एसटीने दापोलीला गेलाय, तेव्हा प्रश्न आपणच विचारायचा.

तर मालन काय करते: शिवणाच्या टेबलावर, मशीनच्या जागी ठाण मांडून बसलेल्या कॉम्प्युटरला वळसा घालते, मागचं कापड ओढून काढते, जमिनीवर बसून हातानेच ब्लाऊजला हेम घालते आणि घालता घालता वैतागते. नवरा वर्षातले दहा महिने बोटीवर. दोन महिने मांडवीला, घरी. आणि या खेपेला ते दोन महिने कुठे गेले? एसटीच्या खिडकीत गेले.

कॉम्प्युटर सिंगापूरच्या जुन्या बाजारातला. शिलाई मशीनच्या पेटीएवढा, मूठ धरून उचलायचा, पडदा पोस्टकार्डाएवढा. त्याच्या आत सीपीएम होतं, कॉम्प्युटर चालवणारी जुनी प्रणाली. सगळं जग डॉसकडे गेलेलं, ह्याच्या आत सीपीएम. एकाचे प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नाहीत, हे हरिश्चंद्राने तिला टेपरेकॉर्डरचं उदाहरण देऊन समजावलं होतं. वर सीपीएमवाल्यांचंही आपसात पटत नाही. एका कंपनीच्या यंत्रावर भरलेली फ्लॉपी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला वाचता येत नाही, हेही समजावलं.

"मग हेच का घेतलंत?"

"स्वस्त पडलं."

मालनने टेबलावरची कात्री उचलून खाली ठेवली.

(थांबा. खेळ सांगायचा राहिला, आणि खेळाशिवाय या यंत्राला अर्थ नाही.)

खेळ कागद, पेन्सिल आणि फाशांचा. बोटीवरच्या एका फिलिपिनो इंजिनियरने हरिश्चंद्राला शिकवलेला. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. तू अमक्या ठिकाणी उभी आहेस, काय करतेस? ती सांगेल ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार: मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. इंजिनियरच्या गोष्टीत राक्षस आणि बर्फाचे डोंगर होते. हरिश्चंद्राने मागच्या रजेत ते सगळं काढून भगवतीच्या किल्ल्याखालचं भुयार घातलं. मालन झाली गलबतावरची तांडेल, खलाशांची म्होरकी. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यातला बाळा झाला तिचा तोफखान्याचा माणूस. आणि सासरे आप्पा, ते म्हणाले, मला कोणी दुसरं व्हायचं नाही, मी आप्पाच. तेव्हा भुयारात आप्पाही छत्री घेऊन होते.

आप्पांनी फाशाला कौलासारखं वागवलं. देवळात देवाला कळ्या चिकटवतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण डावी पडली म्हणून कोणी उठून घरी जातं का? गुरव पुन्हा गाऱ्हाणं घालतो, काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल म्हणतो, प्रश्न जरा फिरवून विचारतो. आप्पा तेच करायचे.

"दोन पडले, आप्पा. विहिरीत पडलात."

"पडलो तर पडलो. पण पाणी किती आहे? आणि छत्री उघडली असणार मी."

हरिश्चंद्र डोकं धरायचा. मग म्हणायचा, बरं, कमरेएवढं पाणी आहे. बाळा हसून लोळायचा. ओटीवर असा संध्याकाळचा दंगा व्हायचा, की बंदरावरून परतणारी माणसं अंगणाच्या दगडी गडग्याशी थांबून विचारायची, कुठवर आलात?

असो. तर या खेपेला तो आला तो यंत्र घेऊनच, आणि खेळ बंद. कारण यंत्रावर खेळवायचा प्रोग्राम हवा. तो सीपीएमवर चालणारा हवा. तो ह्याच जातीच्या फ्लॉपीवर हवा. रत्नागिरीत कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये गेला. तिथे डॉस, आणि वर चपला बाहेर काढायला लावल्या. राजापूरला दुबईहून परतलेल्या कोणाकडे खेळ आहेत असं कळलं, गेला, तो टीव्हीला जोडायचा बंदुकीचा खेळ निघाला. येताना काजू घेऊन आला. दापोलीला शेतकी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांकडे मात्र सीपीएम निघालं, अगदी ह्याच जातीचं. त्यांनी फार आनंदाने भाताला खत किती घालावं याचा प्रोग्राम दिला.

"खेळा आता," मालन म्हणाली होती. "युरिया युरिया." तरी आज तो पुन्हा त्यांच्याकडेच गेलाय.

मालन काय करते?

ती हेम घालत असतानाच बाळा गडग्यापलीकडून हाक मारतो. घरात फोन नाही. बोटीच्या कंपनीचा ट्रंककॉल बर्फाच्या कारखान्यात येतो.

"वैनी, कंपनीचा फोन आलेला. परवा सकाळी मुंबईत हजर व्हायला सांगितलंय."

म्हणजे उद्या एसटीत बसायचं. म्हणजे आजची संध्याकाळ, बस्स. आणि माणूस दापोलीत.

तो आला तेव्हा उन्हं कलली होती. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, पण चेहरा लॉटरी लागल्यासारखा. पिशवीतून त्याने फ्लॉपी काढली. प्राध्यापकांचा कोणी मित्र परदेशी शिकायला होता, त्याची.

"मिळालं," तो म्हणाला. "फासे यंत्रच टाकतं, गोष्ट तेच सांगतं. तिघं खेळू शकतात."

"फोन आला होता," मालन म्हणाली आणि सांगून टाकलं.

हरिश्चंद्राने पिशवी खुंटीला लावली. मग बसून यंत्र चालू केलं. चालू केलं! मालनने आतून चहा आणला तो आदळूनच ठेवला.

आप्पा आणि बाळा पोस्टकार्डाएवढ्या पडद्यापुढे डोकी जुळवून बसले. हिरवी अक्षरं आली. एक दार होतं. हरिश्चंद्राने इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. आप्पा म्हणाले, दार ढकलतो. यंत्र कुरकुरलं.

"मेलात, आप्पा."

"कशाने?"

"ते लिहिलेलं नाही."

"परत विचार त्याला. म्हणावं, छत्रीने ढकललं."

"तसं विचारता येत नाही. हो किंवा नाही, एवढंच विचारतंय. परत पहिल्यापासून खेळायचं का?"

"याला गाऱ्हाणं घालायची सोय नाही?"

"नाही."

"मग ठेवा मेल्याला," आप्पा म्हणाले आणि ओटीवर जाऊन पाय पसरून बसले. बाळा मान खाजवत त्यांच्यामागे गेला.

दोघंच राहिली.

"कशासाठी हे?" मालनने विचारलं. "सगळी रजा घालवलीत. कशासाठी?"

"तुमच्यासाठीच. मी गेलो की खेळ बंद पडतो."

"पडतो तर पडू दे."

"तसं नाही गो." तो पडद्याकडे बघत बोलत होता. "मागच्या रजेत तुला भुयाराच्या दुसऱ्या वळणावर सोडून गेलो. हातात पलिता, पुढं काळोख. दहा महिने बोटीवर माझ्या डोक्यात तेच. मालन तिथंच उभी आहे. म्हटलं, मी नसताना कोणीतरी तिला पुढं न्यावं."

मालनला हसू येणार होतं. त्याऐवजी आणखी वैताग आला.

"आणि मी कोणाशी भांडू? ह्याच्याशी? हो किंवा नाही?"

तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. हिरवी अक्षरं एका ठिपक्यात गेली. डब्यातून वीस बाजूंचा फासा काढला आणि ती ओटीवर जाऊन बसली.

"या. मी दुसऱ्या वळणावर आहे. विचारा."

हरिश्चंद्र आला. बसला. घसा खाकरला.

"मालन काय करते?"

"पुढं जाते."

"फासा टाक."

चार पडले.

"शेवाळावर पाय घसरला."

"घसरेल कसा? मी अनवाणी आहे."

"अनवाणी कधी झालीस?"

"आत शिरताना. देवीखालचं भुयार ना? चपला घालून जाईन?"

"बरोबर आहे तिचं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्ही विहिरीत आहात. तुम्हाला ऐकू येत नाही."

"विहिरीत घुमतं. जास्त ऐकू येतं."

मग पलित्यात तेल किती उरलं यावर वाद. वाऱ्याची दिशा यावर वाद. त्यात गडग्याशी थांबलेल्या दोघा खलाशांनीही तोंड घातलं. हरिश्चंद्राने उतार म्हटला की मालन चढ म्हणे.

"अगं, प्रत्येक पावलाला अशी भांडलीस तर आज बाहेर पडणार कधी?"

"कोणाला घाई आहे?"

हरिश्चंद्राने तिच्याकडे बघितलं. मग डोकं धरलं.

जेवणाची वेळ टळली तरी तिसरं वळण आलं नाही.

"आता पुढच्या रजेला," तो म्हणाला. चिडूनच म्हणाला. "नुसती उभी रहा तिथं. हलू नको."

"नाही हलत." मालनने फासा उचलला आणि शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये टाकला. "ते धूड तेवढं टेबलावरून खाली ठेवा. ब्लाऊज उद्या द्यायचाय, मला मशीन लागतं."