दोन बोटांची पट्टी

मित्रांनो, मी जाळी विणायची एक जुनी लाकडी पट्टी आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. हसू नका. तुम्हाला तुमच्याच घरात कुणी तासलं असतं, तर तुम्हीही असेच संशयी झाला असतात.

एका सासूबाईंनी मला आपल्या दोन बोटांएवढी रुंद कोरली. माझ्यावरून दोरा घेऊन गाठ मारली की जाळ्याचं एक भोक तयार होई. त्यात मोठी कोळंबी अडके, पिल्लं निसटत. "पिल्लं सोडली तरच पुढच्या वर्षी मोठी मिळेल," असं त्या सुनेला सांगत. सुनेची बोटं तेवढीच भरली, म्हणून मी तिच्याकडे आले. तिच्या जाळ्यांचं बंदरभर कौतुक होई.

मग मोठ्या बोटी आल्या. टनांनी उतरलेली कोळंबी लोक धक्क्यावर फावड्याने ओढू लागले. दर वर्षी ती बारीक होत गेली. नखाएवढी कोळंबी वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात जाई. आमची टोपली मात्र रिकामी, आणि सुनेचा नवरा गप्प गप्प. गप्प माणसाची मला भीतीच वाटते. एका दुपारी ती बाजारात गेली आणि त्याने माझ्यावर रंधा फिरवला.

संध्याकाळी तिने मला बोटांना लावलं. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"अहो, पट्टी लहान झाली का?"

"लाकूड कधी लहान होतं का? बोटं सुजलीत तुझी. दिवसभर खाऱ्या पाण्यात हात असतात."

तिला ते पटलं. मी ओरडणार कशी? तिने माझ्यावर बारीक जाळं विणलं आणि त्यात पिल्लंच पिल्लं आली. मला फार लाज वाटली.

एके दिवशी भांडी घासताना तिच्या बोटातून अंगठी गळून पडली. सुजलेल्या बोटातून अंगठी गळते होय? तिने ती अंगठी आणि मला नवऱ्यापुढे ठेवलं.

"सगळेच तासतात गं," तो मान खाली घालून म्हणाला. "आपण सोडलेली पिल्लं मागची बोट धरते."

"आणि पुढच्या वर्षी कोण काय धरणार?"

तिने एक नवी फळी आणली.

"माझी बोटं आता वाळली. तुमची ठेवा इथे."

त्याची बोटं त्याच्या आईच्या बोटांपेक्षा जाड होती. तिने त्यांच्या कडेने रेघ ओढली आणि करवत त्याच्याच हातात दिली.

मला आता चुलीत घालतील. घालू देत, माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, शेजारच्या घरांतल्या पट्ट्याही एकदा बोटांना लावून पाहा.