ऐनवेळचा विषय

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. पाखाडीच्या पायऱ्यांची दुरुस्ती, नळाचं पाणी असे नेहमीचे विषय नेहमीसारखेच भांडून संपले. शेवटी 'ऐनवेळचे विषय' आले. ते आले की लोक चपला शोधायला लागतात. तेवढ्यात मैनाकाकी उभी राहिली.

पूर्णगडजवळच्या त्या गावात मैनाकाकी उभी राहिली की सरपंच अनिल घड्याळाकडे बघू लागे. गेल्याच वर्षी तिने गावात येऊ घातलेलं दारूचं दुकान आल्या पावली परत पाठवलं होतं. आज तिच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता.

"अमेरिका आणि रशियाच्या अणुबाँबांना आवर घालणारा शेवटचा करार दहा दिवसांनी संपतोय," तिने वाचलं. "या गावाला अणुबाँब मान्य नाही. त्यांचा नाही, कुणाचाच नाही, आपलासुद्धा नाही. असा ठराव करावा."

सगळा व्हरांडा हसला. 'आपलासुद्धा'वर दोघातिघांचं हसू मावळलं, ते मैनाकाकीने बरोबर टिपलं.

ग्रामसेवक स्वरूप गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, "काकी, हा विषय ग्रामपंचायतीच्या कक्षेत येत नाही."

"आनि बाँब कक्षा विचारून पडतो काय रे?"

स्वरूपने मान खाजवली. "बरं, सूचक तुम्ही. अनुमोदक कोण? त्याच्याशिवाय ठराव वहीत घेता येत नाही."

लोक पुन्हा चपला शोधू लागले. मैनाकाकी उभीच राहिली. तिचा नवरा भिकाजी बोटीवर खलाशी होता. चाळीस वर्षांपूर्वी त्याची बोट नागासाकीच्या धक्क्याला लागली आणि तो तिथलं अणुबाँबचं संग्रहालय बघून आला. घरी आल्यावर महिनाभर त्याला जेवण गेलं नाही. काय पाहिलं ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "मैने, आपन कोनाला कधी नको म्हटलांच नाय." ते तिला लागून राहिलं होतं. या ठरावाने एकही बाँब कमी होणार नाही, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. पण गावाचं 'नको' एकदा वहीत, सहीशिक्क्यानिशी, लिहिलेलं तिला हवं होतं. त्याशिवाय घरी येत नाही, असं ती भिकाजीच्या फोटोला सांगून आली होती.

"काकी," अनिल हसत म्हणाला, "तुमचा नि येसूबाईचा गडग्याचा वाद अकरा वर्षं मिटत नाय, नि अमेरिका-रशियाला आपण शहाणपण शिकवायचं?"

आता मात्र लोक पोट धरून हसले. दोघींच्या हद्दीवरचा तो दगडी गडगा येसूबाईने हातभर सरकवला, असं मैनाकाकीचं म्हणणं. येसूबाईचं म्हणणं नेमकं उलटं. तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं. मैनाकाकीचे कान लाल झाले, कारण अनिल बोलला ते खोटं नव्हतं.

"मिटत नाय, खरां हाय," ती म्हणाली. "पन अकरा वर्षांत मी तिच्या घराला काडी लावली नाय. तिनं माज्या विहिरीत विष घातलां नाय. भांडायचां कसां ता आमच्याकडनं शिका म्हनावं त्यांना."

बायकांच्या घोळक्यातून येसूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. मैनाकाकीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"अनुमोदक म्हनून माजां नाव लिवा," ती स्वरूपला म्हणाली. "आनि गडगा माजाच हाय, ता पन लिवा."

"ता लिवू नको," मैनाकाकी म्हणाली.

स्वरूपने पहिलं लिहिलं, दुसरं सोडलं. बाजूने एकवीस हात वर झाले, विरोधात सहा. बाकीचे जिलेबीची बोटं पुसत बसले. अनिलने सही केली, शिक्का मारला आणि विचारलं, "पाठवायचा कुठं?"

मैनाकाकीने पिशवीतून तीन पाकिटं काढली. तिन्हींवर पत्ते लिहिलेले होते. तिसरं दिल्लीचं होतं.

ठरावाच्या नकला घेऊन ती पाखाडी उतरू लागली. मागून दहा पावलांवर येसूबाई. गडग्यापाशी येसूबाई थांबली, अकरा वर्षांनी पहिल्यांदा.

"उद्या पोष्टात मी पन येतंय," ती म्हणाली. "तू एकटी गेलीस तर तुजांच नाव पुढं करशील."